टू-स्ट्रोक बागयंत्रांसाठी पेट्रोलमध्ये तेल किती आणि कसे मिसळावे

ब्रश कटर, चेनसॉ, हेज ट्रिमर, पालापाचोळा उडवणारा ब्लोअर अशा हातात धरून चालवायच्या यंत्रांमध्ये टू-स्ट्रोक इंजिन अजूनही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते, कारण ते हलके असते, आडवे, तिरके किंवा उलटे धरले तरी चालते आणि त्यात झडपांचा पसारा नसतो. मात्र त्यात वंगणतेलाचा वेगळा साठा नसतो. मोटारीच्या इंजिनात खालच्या तेलपात्रातले तेल पंपाने सगळीकडे फिरवले जाते. इथे पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीत, ओढली जाते, तिथून सिलिंडरमध्ये ढकलली जाते आणि मग जळते. क्रँकच्या बेअरिंगना, कनेक्टिंग रॉडच्या टोकांवरच्या बारीक सुयांसारख्या रोलर बेअरिंगना, पिस्टनला, रिंगला आणि सिलिंडरच्या भिंतीला जे काही वंगण मिळते, ते या वाटेने पेट्रोलबरोबर आलेल्या तेलातूनच मिळते.

हे इंजिन मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि लाकूड न कापता मोकळ्या फिरणाऱ्या चेनसॉमध्ये हा आकडा बारा-तेरा हजारांपर्यंतही जातो. एवढ्या वेगात तेलाचा पातळ थर तुटला की अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन उष्णतेने फुगतो, सिलिंडरला घासतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम होते. त्यामुळे कॅनमध्ये ओतलेले वीस-पंचवीस मिलिलिटर तेल ही किरकोळ बाब मानून चालत नाही.

मापाचे गणित चौथीतल्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे. प्रत्यक्षात नुकसान होते ते गणित चुकल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा कॅनवर काहीच लिहिलेले नसते, मागच्या हंगामातले उरलेले मिश्रण तसेच वापरले जाते, किंवा तेल ‘अंदाजाने’ ओतलेले असते. म्हणून पुढे मापाइतकाच भर कॅनवर, तारखेवर आणि नोंदीवर दिला आहे.

आधी यंत्र ओळखावे

मिश्रण तयार करण्यापूर्वी यंत्र खरोखर टू-स्ट्रोक आहे का, हे पाहून घ्यावे. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन ब्रश कटर शेजारी ठेवले, तर त्यांतला एक फोर-स्ट्रोक असू शकतो. इंजिनाच्या खालच्या भागात तेल भरण्याचे वेगळे झाकण आणि बहुधा त्यालाच जोडलेली तेल मोजण्याची पट्टी असेल, तर ते इंजिन सामान्यतः फोर-स्ट्रोक असते आणि त्यात साधे पेट्रोलच घालायचे असते. याला अपवादही आहे. झडपा असलेली, पण तेलपात्र नसलेली काही फोर-स्ट्रोक इंजिने मिश्रणावरच चालतात. म्हणून केवळ ‘फोर-स्ट्रोक’ हा शब्द वाचून निष्कर्ष काढू नये. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर किंवा त्याच्या शेजारी पंप आणि तेलाच्या थेंबाचे चिन्ह असते, अनेकदा ५०:१ असे प्रमाणही कोरलेले असते. ती खूण आणि यंत्रासोबत आलेली पुस्तिका, या दोनच गोष्टींवर विसंबावे.

चेनसॉला दोन झाकणे असतात. एक मिश्रणाच्या टाकीचे आणि दुसरे साखळीला वंगण देणाऱ्या तेलाच्या टाकीचे. साखळीचे तेल दाट आणि चिकट असते. ते पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी नसते आणि टू-स्ट्रोक तेलाची जागा घेऊ शकत नाही.

प्रमाण आणि माप

५०:१ याचा अर्थ पेट्रोलचे ५० भाग आणि तेलाचा १ भाग. काही ठिकाणी तेच १:५० किंवा २ टक्के असे लिहिलेले आढळते. तिन्हींचा अर्थ व्यवहारात एकच आहे. एक लिटर पेट्रोलला किती मिलिलिटर तेल लागेल हे काढण्यासाठी १००० ला प्रमाणातल्या मोठ्या आकड्याने भागावे. ५०:१ साठी २० मिलिलिटर, ४०:१ साठी २५, ३२:१ साठी ३१ पेक्षा किंचित जास्त, २५:१ साठी ४० आणि २०:१ साठी ५० मिलिलिटर तेल येते. पाच लिटरच्या कॅनसाठी हेच आकडे पाचपट करावेत, म्हणजे ५०:१ ला १०० आणि २५:१ ला २०० मिलिलिटर. आकडा जितका मोठा तितके तेल कमी, ही उलटी चाल नवख्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. ‘पन्नासपेक्षा पंचवीस कमी’ म्हणून तेलही निम्मे घातले जाते, तेव्हा प्रत्यक्षात दुप्पट घालायचे असते.

परदेशी बनावटीच्या मापांवर आणि कॅनवर गॅलन आणि औंसाच्या खुणा असतात. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असल्यामुळे एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला, तर तेलात जवळपास २० टक्क्यांची चूक होते. दोन्ही पदार्थ मिलिलिटर आणि लिटरमध्येच मोजावेत, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

किती अचूकपणा हवा, हे तारतम्याने ठरवता येते. पाच लिटरच्या कॅनमध्ये आधी १०० मिलिलिटर तेल असेल आणि पेट्रोल पाच लिटरच्या रेषेपर्यंतच भरले, तर प्रमाण ५०:१ ऐवजी ४९:१ होते. त्याने काहीही बिघडत नाही. याउलट अर्धा लिटर मिश्रण करताना तेल फक्त १० मिलिलिटर लागते आणि तिथे ३ मिलिलिटरची चूक झाली तर प्रमाण ३८:१ पासून ७१:१ पर्यंत कुठेही जाऊ शकते. म्हणजे मिश्रण जितके थोडे, तितके माप काटेकोर हवे. थोड्या मिश्रणासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी बिनसुईची मोठी सिरिंज उत्तम. पेल्यासारख्या मापात तेल घेतले असेल, तर ते सपाट जागेवर ठेवून डोळा द्रवाच्या पातळीला आणून वाचावे. तेल कडेला थोडे वर चढते, म्हणून मधल्या खोलगट भागाची रेषा धरावी. मापाच्या भिंतीला चिकटून राहिलेले तेल मोजलेल्या पेट्रोलपैकीच थोड्याने खंगाळून कॅनमध्ये ओतावे. दहा मिलिलिटरमधले एखाद-दोन मिलिलिटर भिंतीवरच राहून जाणे सहज शक्य असते. बाटलीच्या झाकणाने मोजणे मात्र टाळावे, कारण प्रत्येक बाटलीच्या झाकणाचे आकारमान वेगळे असते आणि त्यावर ते लिहिलेलेही नसते.

जुन्या यंत्रांवर २५:१, २०:१ किंवा त्याहूनही जास्त तेलाचे प्रमाण लिहिलेले असते आणि हल्लीच्या यंत्रांवर बहुतांशी ५०:१. मधल्या काळात तेलाची प्रत सुधारली, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. मात्र त्यावरून जुन्या यंत्राचे तेल आपल्या मनाने निम्म्यावर आणू नये. काही जुन्या इंजिनांमध्ये रोलर बेअरिंगऐवजी साध्या धातूच्या बुश असतात आणि त्यांना तेलाचा जाड थर लागतो. काही उत्पादक आपल्या तेलासाठी ५०:१ आणि इतर तेलांसाठी २५:१ असे दोन आकडे देतात, तेव्हा कोणते तेल हातात आहे त्यावर आकडा ठरतो. घरात ५०:१ आणि ४०:१ अशी दोन यंत्रे असतील आणि एकच कॅन ठेवायचा असेल, तर ४०:१ चे मिश्रण ठेवणे अधिक सुरक्षित, असे माझे मत आहे, मात्र यंत्र वॉरंटीत असेल तर पुस्तिकेतल्याच आकड्याला धरून राहावे. ५० आणि २५ यांच्यातली तफावत इतकी मोठी आहे की तिथे दोन वेगळे कॅन ठेवण्याला पर्याय नाही.

जास्त तेल घातले तर बरे?

‘थोडे जास्त तेल पडले तर यंत्राला चांगलेच’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो निम्माच खरा आहे. तेल कमी पडले तर इंजिन मरते आणि जास्त पडले तर कुरकुरते. म्हणून दोन चुकांपैकी एक निवडायची असेल, तर जास्त तेलाचीच निवडावी. पण कुरकुर लांबली की तीही महाग पडते. न जळलेल्या तेलाचा काळा थर पिस्टनच्या डोक्यावर, रिंगच्या खाचेत आणि एक्झॉस्ट पोर्टवर, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर जाण्याच्या छिद्रावर, साचतो. रिंग खाचेत चिकटली की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घटते. सायलेन्सरमध्ये ठिणग्या अडवण्यासाठी बसवलेली बारीक जाळी काजळीने बुजली की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि यंत्र गरम झाल्यावर जोर सोडते. त्यातही एक गंमत अशी की कार्ब्युरेटर द्रवाचे ठरावीक आकारमानच आत सोडतो. त्यातला तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो आणि हवेच्या तुलनेत इंधन थोडे कमी पडते. हा परिणाम छोटा असला, तरी ‘तेल वाढवले म्हणजे इंजिन थंड राहील’ हे गृहीत धरणाऱ्याने तो लक्षात ठेवावा. नवीन यंत्राच्या पहिल्या काही टाक्यांना दुप्पट तेल घालण्याची जुनी रीतही पुस्तिकेत तसे लिहिले असेल तरच पाळावी.

तेल कोणते घ्यावे

डब्यावर नुसते ‘टू-टी’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असलेले तेल घ्यावे आणि त्यावरची प्रत वाचावी. जपानी जासो मानकात एफबी, एफसी आणि एफडी या श्रेणी आढळतात. एफसीला धूर कमी असण्याची अट आहे आणि एफडीला त्याशिवाय आतले भाग स्वच्छ ठेवण्याची अधिक कडक अट आहे. आयएसओ मानकात यांच्याशी जुळणाऱ्या श्रेणी ईजीबी, ईजीसी आणि ईजीडी या नावांनी येतात. सतत उच्च वेगात राबणाऱ्या चेनसॉला किंवा ब्रश कटरला एफडी किंवा ईजीडी श्रेणीचे तेल मी पसंत करतो. काही डब्यांवर अमेरिकी एपीआय टीसी ही श्रेणीही असते आणि तीही हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीच आहे.

टीसी-डब्ल्यू३ हे नाव टीसीसारखेच वाटते, पण ते तेल बोटीच्या मागे लावायच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असते. ती इंजिने तुलनेने कमी तापमानात चालतात आणि त्यांच्या तेलातील स्वच्छता राखणारे घटकही त्याच हिशेबाने निवडलेले असतात. बागेतल्या यंत्राचा पिस्टन त्याहून कितीतरी जास्त तापतो, त्यामुळे हे तेल इथे वापरू नये. मोटारीचे किंवा मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक इंजिन ऑइलही वापरू नये. ते जळण्यासाठी बनवलेले नसते. त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते.

तेल सिंथेटिक, अर्ध-सिंथेटिक किंवा खनिज असले तरी मापाचा आकडा बदलत नाही. ‘सिंथेटिक आहे म्हणून कमी चालेल’ हा तर्क चुकीचा. दोन वेगळ्या तेलांचे अर्धे-अर्धे मिश्रण करण्याचेही टाळावे. तेलात घातलेला निळा, हिरवा किंवा लाल रंग वंगणासाठी नसून ओळखीसाठी असतो. तो रंग फार उपयोगी आहे, त्याविषयी पुढे येईलच.

पेट्रोलविषयी

पेट्रोल ताजे घ्यावे आणि त्याचे ऑक्टेन पुस्तिकेत सांगितलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी नसावे. हा आकडा कोणत्या पद्धतीने मोजला आहे हेही पाहावे, कारण रॉन पद्धतीचा आकडा आणि अमेरिकेतल्या पंपांवर लिहिला जाणारा सरासरी आकडा यांत एकाच पेट्रोलसाठी चार-पाचांचा फरक पडतो. गरजेपेक्षा जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने यंत्राची ताकद वाढत नाही.

इथेनॉलचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. बहुतेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात. त्याहून जास्त इथेनॉल असलेले पेट्रोल मिळत असेल, तर यंत्र त्यासाठी बनवलेले आहे का, हे आधी पाहावे. इथेनॉल रबरी नळ्या, प्रायमरचा फुगा (सुरू करण्यापूर्वी बोटाने दाबून इंधन कार्ब्युरेटरपर्यंत ओढायचा) आणि कार्ब्युरेटरमधले पातळ डायफ्राम कालांतराने कडक करते. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच कार्ब्युरेटर सेटिंगवर इंजिनाला इंधन कमी आणि हवा जास्त मिळते. सगळ्यांत घातक प्रकार वेगळाच आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषते आणि ओल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल यांचा एकत्र थर पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतो. टू-स्ट्रोक तेल त्या थरात विरघळत नाही, ते वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतल्या नळीच्या टोकाला असलेला वजनदार फिल्टर नेमका तळाशी पडून असतो. म्हणजे माप अगदी अचूक घेतलेले असूनही इंजिनाला तेल नसलेला द्रव मिळतो. काचेच्या पारदर्शक भांड्यात थोडे मिश्रण घेऊन उजेडात धरले, तर तळाचा हा वेगळा थर किंवा दुधाळ गढूळपणा डोळ्यांना दिसतो. असे मिश्रण हलवून पुन्हा एकजीव करण्याचा प्रयत्न न करता बाद करावे.

इथेनॉल नसलेले, तेल मिसळूनच सीलबंद विकले जाणारे अल्किलेट इंधनही मिळते. ते बरेच महाग असते, पण बंद डब्यात दीर्घकाळ टिकते. वर्षातून दोन-चार वेळाच यंत्र वापरणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा.

मिसळण्याची रीत

काम उघड्या हवेत, सावलीत आणि आगीपासून दूर करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती जमिनीलगत पसरत दूरवरच्या ज्योतीपर्यंत पोचते. म्हणून ‘शेगडी तर पलीकडच्या खोलीत आहे’ ही समजूत उपयोगाची नाही. कॅन इंधनासाठीच बनवलेला असावा. पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली वापरू नये. त्या प्लास्टिकचा आणि झाकणाचा भरवसा नसतो आणि दुसरे कोणी ते पेय समजून तोंडाला लावण्याचा धोका कायमचा राहतो. पंपावर कॅन भरताना तो गाडीच्या डिकीत किंवा मांडीवर न ठेवता जमिनीवर ठेवावा आणि नळाचे तोंड कॅनच्या काठाला टेकलेले असावे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो.

आता प्रत्यक्ष कृती. समजा, ५०:१ चे पाच लिटर मिश्रण करायचे आहे. स्वच्छ आणि कोरड्या कॅनमध्ये प्रथम साधारण अडीच लिटर पेट्रोल घ्यावे. त्यात मोजलेले १०० मिलिलिटर तेल पूर्ण ओतावे, झाकण घट्ट लावावे आणि कॅन आडवा-उभा करत अर्धा मिनिट चांगला हलवावा. मग झाकण हळूच सैल करून आतला दाब जाऊ द्यावा, उरलेले पेट्रोल घालावे आणि पुन्हा हलवावे. वर थोडी मोकळी जागा ठेवावी, कारण उन्हाने पेट्रोल फुगते. आधी तेल आणि मग सगळे पेट्रोल असा क्रम घेतला, तर तेलाचा काही भाग कॅनच्या तळाच्या कोपऱ्यात चिकटून राहू शकतो. आधी सगळे पेट्रोल भरले, तर हलवायला जागा उरत नाही. थंडीत तेल दाट होते, तेव्हा हलवण्याचा वेळ दुप्पट करावा. मिश्रण नेहमी कॅनमध्येच करावे. यंत्राच्या टाकीत पेट्रोल ओतून वरून तेल घातले, तर तेल तळाशी जाते आणि फिल्टर आधी जवळजवळ निव्वळ तेल, मग जवळजवळ निव्वळ पेट्रोल ओढतो.

कॅनमध्ये जुने मिश्रण शिल्लक असताना नवे भरायचे असेल, तर तेल फक्त नव्याने घातलेल्या पेट्रोलच्या हिशेबाने मोजावे. दोन लिटर शिल्लक आहे आणि तीन लिटर भरले, तर ५०:१ साठी तेल ६० मिलिलिटर लागेल, १०० नाही. तरीही शिल्लक मिश्रण जुने असेल तर त्यात भर घालू नये. कॅनचे वय त्यातल्या सर्वांत जुन्या पेट्रोलवरून मोजावे.

मिश्रण तयार होताच कॅनवर पुसले न जाणाऱ्या शाईने तीन गोष्टी लिहाव्यात: प्रमाण, तेलाचे नाव आणि तारीख. साधे पेट्रोल आणि मिश्रण यांचे कॅन शक्यतो वेगळ्या रंगांचे ठेवावेत. दुसऱ्या कोणी पेट्रोल संपले म्हणून हाताला लागेल तो कॅन उचलला, तर यंत्राला वाचवणारी गोष्ट कॅनवरची ती नोंदच असते.

एखाद्या कॅनमध्ये तेल आहे की नाही अशी शंका आली, तर पांढऱ्या भांड्यात थोडे ओतून पाहावे. रंगीत तेलाच्या मिश्रणाला फिकट निळसर, हिरवट किंवा लालसर छटा असते. पेट्रोललाही स्वतःचा रंग असू शकतो, म्हणून दुसरी खात्री करून घ्यावी. मोकळ्या हवेत पांढऱ्या कागदावर एक थेंब सोडावा. साधे पेट्रोल उडून गेल्यावर कागद जवळजवळ कोरा राहतो, मिश्रणाचा थेंब मात्र उजेडात धरल्यावर अर्धपारदर्शक दिसणारा तेलकट डाग मागे ठेवतो. या चाचणीने तेल आहे एवढेच कळते, किती आहे ते कळत नाही. म्हणून प्रमाण माहीत नसलेला कॅन तेलकट डाग दिसला तरी यंत्रात ओतू नये.

यंत्रात भरताना

इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. गरम सायलेन्सरवर सांडलेले पेट्रोल पेट घेऊ शकते आणि कामाच्या घाईत सर्वांत जास्त हयगय इथेच होते. झाकणाभोवतीचा भुसा, माती आणि गवताची कात्रणे आधी पुसावीत, कारण एकदा आत गेलेला कचरा फिल्टरवर बसतो आणि यंत्र जोरात धरले की मान टाकते. कॅन प्रत्येक वेळी भरण्यापूर्वी हलवावा. झाकण हळूहळू उघडावे, जाळीचे नरसाळे वापरावे आणि टाकी काठोकाठ भरू नये. सांडलेले पुसून, यंत्र भरलेल्या जागेपासून किमान तीन मीटर दूर नेऊनच दोरी ओढावी.

मिश्रण किती दिवस टिकते

सर्वसाधारण पंपावरच्या पेट्रोलचे मिश्रण एक महिन्याच्या आत संपवावे, असा सल्ला बहुतेक उत्पादक देतात. कडक उन्हाळ्यात मी त्याहूनही कमी धरतो. पेट्रोलमधले सहज उडणारे घटक आधी निघून जातात आणि यंत्र सुरू होण्यासाठी तेच लागतात. उरलेल्यातून चिकट राळ तयार होते आणि कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांमध्ये बसते. म्हणून अचूक मापासाठी मोठा कॅन सोयीचा असला, तरी महिनाभरात लागेल तेवढेच मिश्रण करावे. अशा यंत्रांची टाकी साधारण पाव लिटर ते एक लिटर असते. महिन्यात किती टाक्या लागतात ते पाहिले की कॅनचा आकार ठरवता येतो आणि घरच्या बागेसाठी बहुधा एक किंवा दोन लिटर पुरतात. पेट्रोल टिकवणारे रसायन घालायचे असेल, तर ते ताजे असतानाच घालावे. शिळ्या झालेल्या पेट्रोलला ते पुन्हा ताजे करू शकत नाही.

यंत्र दोन-तीन महिने बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, प्रायमर दाबून नळीतले मिश्रण परत टाकीत येऊ द्यावे, तेही काढावे आणि मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीवर चालवावे. काही पुस्तिका वेगळी पद्धत सांगतात, तिथे पुस्तिकेचेच ऐकावे.

लक्षणे, आणि चूक झाली तर

थंड इंजिन सुरू होताना काही क्षण निळसर धूर येणे स्वाभाविक आहे. गरम झाल्यावरही धूर दाट असेल, सायलेन्सरच्या तोंडातून काळे तेलकट थेंब गळत असतील आणि प्लग काढल्यावर तो काळा आणि ओला दिसत असेल, तर तेल जास्त आहे, चोक अडकला आहे किंवा कार्ब्युरेटर जास्त इंधन देत आहे. प्लगचे टोक फिकट तपकिरी असणे चांगले. ते पांढरट पडले असेल, मोकळ्या गतीत इंजिनाचा आवाज किंचाळल्यासारखा चढत असेल आणि कामाला लावताच ते दम तोडत असेल, तर इंजिनाला इंधन कमी पडते आहे. अशा वेळी मिश्रण बदलून पाहावे आणि फरक पडला नाही तर यंत्र चालवत न बसता फिल्टर, नळी आणि कार्ब्युरेटर तपासून घ्यावेत.

चुकून साधे पेट्रोल भरले आणि इंजिन सुरू करण्यापूर्वीच लक्षात आले, तर टाकी पूर्ण रिकामी करावी, थोड्या मिश्रणाने खंगाळावी आणि प्रायमर अनेकदा दाबून नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये योग्य मिश्रण आल्यावरच सुरू करावे. इंजिन चालू असताना लक्षात आले, तर त्याच क्षणी स्विच बंद करावा. ‘एवढी रांग संपवतो’ असे म्हणू नये. गती आपोआप घटून इंजिन थांबले असेल आणि दोरी ओढता येत नसेल, तर जोर लावू नये. थंड झाल्यावर सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चच्या उजेडात पिस्टन पाहावा. सर्वांत जास्त तापणारी बाजू हीच असल्यामुळे ओरखडे प्रथम इथेच दिसतात. पिस्टनची बाजू गुळगुळीत असेल तर यंत्र बहुधा वाचले आहे. वरून खाली जाणाऱ्या उभ्या रेघा नखाला लागत असतील किंवा रिंग धातूने माखून खाचेत बसली असेल, तर नवीन मिश्रण घालून उपयोग नाही, पिस्टन आणि सिलिंडर मेकॅनिकला दाखवावे.

बाद केलेले मिश्रण गटारात, मातीत किंवा तण जाळण्यासाठी ओतू नये. बंद कॅनवर ‘खराब पेट्रोल’ असे लिहून ते घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे आणि तोवर कॅन उन्हापासून व मुलांच्या हातापासून दूर ठेवावा.